मोकळ्या आभाळाखाली नाट्यहंगाम: एक अभिजात आणि एक नवं नाटक कसं उभं करावं

उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्यावर नाटक करायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती स्टेजची, दिव्यांची आणि खुर्च्यांची. संहितेचा विषय नंतर निघतो आणि 'गाजलेलं काहीतरी घेऊ' एवढ्यावर मिटतो. हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. उघड्यावरच्या प्रयोगात जे प्रश्न पुढे तंत्रज्ञांच्या गळ्यात पडतात, त्यांतले बरेचसे संहिता निवडतानाच सुटलेले असतात किंवा कायमचे अडलेले असतात.

आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो, त्यांतली कितीतरी नाटकं उघड्यावर, दिवसाउजेडी, वारा आणि गर्दीचा गलका सोसत खेळली गेली. प्राचीन अथेन्समध्ये दिओनिसोस देवाच्या उत्सवात शोकांतिका सूर्यप्रकाशात होत, आणि त्या वेळी ती सगळी नवी नाटकं होती. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारी सुरू होई आणि खालच्या अंगणात उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावर छप्पर नसे. प्रकाशयोजना नाही, अंधार नाही, माइक नाही. त्यामुळे त्या नाटककारांनी हे सगळं शब्दांत बांधून ठेवलं. बंद नाट्यगृहाच्या सवयीमुळे आपण ती कारागिरी विसरलो आहोत. हंगामात एक अभिजात नाटक ठेवण्याचं खरं कारण हे आहे: ते संचाला उघड्यावर खेळायला शिकवतं. त्याच जागेसाठी लिहिलेलं नवं नाटक मग ते शिक्षण आजच्या भाषेत वापरतं. ही जोडी जुनीच आहे. १९४७ साली दिग्दर्शक झाँ व्हिलार यांनी फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे जो महोत्सव सुरू केला, त्याच्या पहिल्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटकाबरोबर समकालीन फ्रेंच नाटककारांची दोन नाटकं होती.

पुढचं सगळं विवेचन दोनशे-तीनशे प्रेक्षकांच्या, दोन नाटकांच्या आणि साधारण सहा आठवड्यांच्या हंगामाला धरून केलं आहे. तुमचा पसारा याहून मोठा असेल तर आकडे वाढतील, क्रम तोच राहील.

## संहिता निवडताना

अभिजात नाटक किती थोर आहे यापेक्षा ते उघड्यावर किती तग धरतं हे बघा. पेन्सिल घेऊन वाचायला बसा आणि चार प्रश्नांवर खुणा करत जा. पात्र येण्याआधी कुणी त्याची चाहूल बोलून देतं का? वेळ, हवा, जागा यांचा उल्लेख संवादांत आहे का? प्रवेश बदलायला पडदा किंवा अंधार लागतो का? आणि ज्या वाक्यावर पुढचं कथानक उभं आहे ते एकदाच, दबक्या आवाजात येतं, की निरनिराळ्या रूपांत पुन्हा कानावर पडतं?

'हॅम्लेट'चा पहिला प्रवेश घ्या. तो मध्यरात्रीचा आहे, पण मूळ प्रयोग लख्ख उजेडात होत. म्हणून पहारेकरी एकमेकांना ओळख विचारतात, बाराचे ठोके पडल्याचं सांगतात, थंडी कडाक्याची आहे म्हणतात. पाच-सहा वाक्यांत रात्र तयार होते आणि एकही दिवा मंद करावा लागत नाही. संस्कृत नाटकांत 'परिक्रम्य' अशी सूचना येते. पात्र रंगमंचावर एक फेरी मारतं आणि राजवाड्यातून उपवनात पोचतं. ही नाटकं बांधीव नाट्यमंडपासाठी असली तरी हे तंत्र मैदानावर जसंच्या तसं चालतं, कारण त्याला पडदाही लागत नाही आणि अंधारही.

इथे एक धोका आहे. जुनं नाटक आजच्या प्रेक्षकासाठी कापताना दिग्दर्शकाची कात्री नेमकी याच ओळींवर चालते. 'बघा, तो इकडेच येतो आहे' हे वाक्य बंद नाट्यगृहात फालतू वाटतं, कारण नट विंगेतून दोन पावलांत समोर येतो. मैदानावर तोच नट पंचवीस मीटरवरून चालत येणार असतो. ते वाक्य असलं की प्रेक्षकाची मान योग्य दिशेला वळते आणि त्याचं चालत येणं हाच नाट्याचा क्षण होतो. काढलं तर कुणीतरी उगाच मैदान ओलांडतं आहे असं दिसतं. काटछाट जरूर करा, मध्यंतर धरून सव्वादोन तासांच्या पुढे उघड्यावर जाऊ नये. पण कात्री लावायची ती उपकथानकांना, संदर्भ तुटलेल्या शब्दखेळांना आणि लांबलेल्या दरबारी औपचारिकतेला. उजेड, हवा, ये-जा आणि अंतर सांगणाऱ्या ओळींना हात लावण्याआधी त्या जागेवर एकदा म्हणून बघा.

हक्कांचं एक पथ्य पाळा. मूळ लेखक शतकांपूर्वीचा असला तरी तुम्ही वापरत असलेला अनुवाद अलीकडचा असू शकतो, आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो. अनुवादकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधी हातात हवी, आणि काटछाट करणार असाल तर तीही त्यात नमूद हवी.

दोन्ही नाटकांत मिळून एकच संच ठेवा. दहा-बारा नट पुरतात. एका नाटकात ज्याला मोठं काम, त्याला दुसऱ्यात हलकं द्या. उघड्यावर रोज आवाज लावून सलग सहा आठवडे दोन मोठ्या भूमिका ओढणं कुणाच्याही घशाला परवडत नाही.

## नवं नाटक जागा दाखवून लिहून घ्या

बंद नाट्यगृहासाठी लिहिलेलं चांगलं नवं नाटक उचलून मैदानात नेणं हा मला सगळ्यात वाया जाणारा मार्ग वाटतो. अशा नाटकात फोनवरचं अर्धवट बोलणं असतं, लांबलेल्या शांतता असतात, अंधार करून वर्षभराची उडी असते. उघड्यावर शांतता कधीच पूर्ण नसते. ती पाखरांनी, रहदारीने, पानांच्या सळसळीने भरलेली असते. लेखकाने तिच्यावर नाटकाचा कळस टेकवला असेल तर तो निसटतो.

म्हणून लेखकाला आधी जागेवर न्या, आणि प्रयोगाच्याच वेळेला न्या. त्याला शेवटच्या रांगेत बसवून दोन नटांना स्टेजच्या जागेवर बोलायला लावा. सूर्य कुठे मावळतो, पाखरं कधी परततात, आवाज कुठे विरतो हे त्याने स्वतः टिपलं पाहिजे. मग त्याच्यासमोर थोडक्या अटी ठेवा: अंधारावर अवलंबून असलेला एकही प्रवेश नको; दूरवरून होणारी एक तरी मोठी एन्ट्री हवी; आणि दिवस मावळण्याची घटका नाटकाच्या कुठल्या प्रवेशावर पडते याचा विचार संहितेत हवा. या अटी लेखकाला आखडतील अशी भीती वाटते, पण माझा अनुभव उलटा आहे. जागेची अडचण नेमकेपणाने कळली की लेखक तिच्यातूनच वाट काढतो, आणि ते नाटक त्या जागेचं होऊन जातं.

पहिला खर्डा हंगामाच्या निदान सहा महिने आधी हवा. त्याचं वाचन खोलीत नको, जागेवर करा, संहिता हातात धरून, उभ्याने. ऐकणाऱ्यांनी कागद पाहू नयेत. जिथे तिसऱ्या-चौथ्या माणसाला वाक्य पुन्हा विचारावं लागतं तिथे खूण करा. बहुतेक वेळा वाक्याची रचनाच अडलेली असते. लांब विशेषणांनंतर शेवटी येणारं क्रियापद वाऱ्यात हरवतं. वाक्य तोडलं, नाव किंवा क्रिया पुढे आणली की तेच बोलणं लख्ख पोचतं. तालमी सुरू झाल्यावर संहितेतले बदल कधी थांबणार याची तारीख करारातच लिहा. मानधन, पुढच्या प्रयोगांचे हक्क आणि बदलांवर अंतिम शब्द कुणाचा, हे तिथेच स्पष्ट करा.

## जागा

जागा बघायला दिवसा जाऊन 'काय सुंदर आहे' म्हणून परत येऊ नका. प्रयोगाच्या वेळी जा, आठवड्यातल्या निरनिराळ्या दिवशी जा आणि गप्प उभे राहून ऐका. दूरच्या रस्त्याची घरघर, विमानांची वाट, शेजारच्या सभागृहातलं संगीत, सार्वजनिक पंप सुरू होण्याची वेळ, या सगळ्याची नोंद करा. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप काटेकोर नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं.

त्यानंतर अंतर बघा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, कारण परत फेकायला भिंती आणि छत नसतं. कसलेल्या नटाचा चढा आवाज १ मीटरवर साधारण ७० डेसिबल धरला तर १६ मीटरवर तो ४६ उरतो आणि ३२ मीटरवर ४०. शांत समजल्या जाणाऱ्या मोकळ्या जागेतली पार्श्वभूमीसुद्धा ४० च्या आसपास असते. म्हणजे पंधरा-वीस मीटरच्या पलीकडे विनामाइक नाटकातली व्यंजनं बुडायला लागतात. भरताच्या नाट्यशास्त्रात माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असा मध्यम मंडप सांगितला आहे. त्याहून मोठ्या मंडपात आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही दिलं आहे. मंडपाचा निम्मा भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगभूमीपासून ३२ हात, आजच्या मापाने साधारण १४-१५ मीटर. बंद मंडपासाठीही ही मर्यादा पाळली जात असेल, तर उघड्यावर आपण ती सहज ओलांडू नये.

उतार मिळाला तर सोडू नका. सपाट मैदानावर आवाज पुढच्या डोक्यांवरून घासत मागे जातो आणि क्षीण होतो. चढत्या रांगांत तो प्रत्येक कानाशी थेट पोचतो. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात हजारो माणसांना स्पष्ट ऐकू येतं ते आधी या उतारामुळे. त्यात २००७ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक कारण पुढे आणलं: चुनखडीच्या पायऱ्या गर्दीची कुजबुज, वारा अशा खालच्या पट्टीतल्या आवाजाला दाबतात आणि बोलण्याच्या वरच्या पट्टीला वाट देतात. आपल्याला तसे पाषाण मिळणार नाहीत, पण स्टेजच्या मागे भिंत नक्की मिळू शकते. फ्रान्समधल्या ऑरांजच्या रोमन नाट्यगृहात रंगमंचामागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच आहे. नटाचा मागे जाणारा आवाज ती प्रेक्षकांकडे वळवते. जुनी इमारत, दगडी बांध, दाट विटांचं कुंपण, काहीही चालेल. झाडांची रांग दिसायला छान असते, पण आवाज परत देत नाही.

सूर्याची दिशा होकायंत्राने तपासा. उन्हाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला तो वायव्येकडे सरकलेला असतो, दक्षिणेला नैर्ऋत्येकडे. प्रेक्षकांच्या डोळ्यांत ऊन आलं की त्यांना नटांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात, तेव्हा ते काहीही करून टाळा. नटांच्या डोळ्यांत आलं तर ते सोसतात, पण पायऱ्या चुकतात. सूर्य बाजूने येईल अशी मांडणी सगळ्यात निर्धोक.

वाऱ्याचंही असंच आहे. स्टेजकडून प्रेक्षकांकडे वाहणारा वारा आवाज खाली वळवून त्यांच्यापर्यंत आणतो. उलट्या वाऱ्यात आवाज वर उचलला जातो आणि मागच्या रांगांच्या डोक्यांवरून निघून जातो. हंगामातल्या संध्याकाळी वारा बहुधा कुठून येतो हे आसपास राहणाऱ्यांना विचारा आणि काठीला बांधलेल्या फितीने स्वतः पडताळा.

## तारखा उलट्या मोजा

पावसाळा जिथे उन्हाळ्याला लागूनच येतो तिथे पाऊस सुरू होण्याच्या नेहमीच्या तारखेआधी निदान दोन आठवडे हंगाम संपेल असं बसवा. तिथून मागे मोजत या: सहा आठवडे प्रयोग, त्याआधी दहा-बारा दिवस जागेवर तालमी, त्याआधी पाच-सहा आठवडे आतल्या तालमी, त्याआधी परवानग्या आणि नव्या नाटकाचा अंतिम खर्डा.

दोन्ही नाटकं एकाच आठवड्यात उघडू नका. अभिजात नाटक आधी उघडा आणि दोन आठवडे तेच चालवा. संच जागेला सरावतो, प्रेक्षकांना वाट माहीत होते, तंत्रज्ञांना वाऱ्याचा अंदाज येतो. तिसऱ्या आठवड्यात नवं नाटक आणा आणि मग दोन्ही आलटून पालटून ठेवा. नव्या नाटकाला शनिवार-रविवार द्या, कारण ओळखीचं नाव मधल्या वारीही प्रेक्षक खेचतं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा असू द्या आणि दर पंधरवड्याला एक मोकळी तारीख पावसाने बुडालेल्या प्रयोगासाठी राखा.

जागेवरच्या तालमी प्रयोगाच्याच वेळी घ्या. सकाळच्या गार हवेत बसवलेली गती संध्याकाळच्या उकाड्यात टिकत नाही.

## आवाज

विनामाइक की माइकवर, हा निर्णय लवकर घ्या, कारण त्यावर तालमींची पद्धत ठरते. शेवटची रांग पंधरा मीटरच्या आत, मागे भिंत आणि परिसर शांत, हे तिन्ही जमलं तर विनामाइक करा असं मी आग्रहाने सांगेन. आवाज ज्या तोंडातून निघतो तिथूनच ऐकू येणं ही उघड्यावरची मोठी देणगी आहे. पण हट्टापायी मागच्या दोन रांगांना ताटकळत ठेवू नका.

विनामाइक खेळायचं असेल तर ओरडणं आणि पोचणं यांतला फरक संचाला पहिल्या दिवसापासून शिकवा. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तशीच राहतात, आणि अर्थ तर व्यंजनांत असतो. वाक्याचा शेवट सोडून देण्याची सवय सगळ्यात घातक. सराव म्हणून नटांना वीस मीटर अंतरावर समोरासमोर उभं करा आणि साध्या बोलण्याच्या सुरात फक्त व्यंजनं टोकदार करत संवाद म्हणायला लावा. प्रेक्षकांकडे पाठ करून बोलण्याचे क्षण मोजके ठेवा. दोघांनी एकमेकांकडे थेट बघण्यापेक्षा दोघांनी तिरकं उभं राहून बाहेरच्या बाजूला बोललेलं मैदानावर जास्त खरं वाटतं. जुन्या नाटकांतलं स्वगत आणि जनांतिक (बाकीच्या पात्रांना ऐकू जात नाही असं धरून केलेलं बोलणं) इथे पुन्हा कामाला येतं: पात्र उघड उघड प्रेक्षकांशी बोलतं, त्याला भिंतीची कल्पना करावी लागत नाही.

एक उपयोगी निसर्गनियम लक्षात ठेवा. दिवसभर तापलेल्या जमिनीवर हवा खाली गरम आणि वर गार असते, त्यामुळे आवाज वर वळतो. सूर्य गेल्यावर जमीन निवते, थर उलटतात आणि आवाज खाली वळून दूरवर जातो. म्हणून पहिला अर्धा तास नटांना सगळ्यात जास्त जोर लागतो. कथानकाची मुख्य माहिती सुरुवातीलाच असेल तर ती सांगणारा नट तुमच्याकडचा सर्वांत स्पष्ट बोलणारा हवा. सूर्यास्तानंतर तोच जोर चालू राहिला तर नाटक कर्कश होतं. संचाला दुसऱ्या भागात आवाज उतरवण्याची आठवण द्यावी लागते.

माइक लावायचे असतील तर चेहऱ्याजवळचे बिनतारी माइक घ्या आणि प्रत्येकावर वारा अडवणारा फोम चढवा. घाम हा त्यांचा शत्रू. कमरेचा ट्रान्समीटर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बांधा, आणि माइक केसांच्या रेषेत लावला तर घामाची धार त्यात उतरणार नाही याकडे लक्ष द्या. स्पीकर स्टेजजवळच ठेवा. मागच्या रांगांसाठी वेगळे लावले तर त्यांना उशीर द्यावा लागतो, म्हणजे त्यांतला आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो. हवेत आवाजाला दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा २० मीटर मागच्या स्पीकरला साधारण ५८, आणि त्यावर आणखी १०-१५ मिलिसेकंद द्या. एवढं केलं की कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो.

## उजेड

उघड्यावर प्रयोगाचा सर्वांत मोठा प्रकाश तुमच्या हातात नसतो, पण त्याचं वेळापत्रक मात्र मिनिटागणिक आधीच कळतं. हंगामातल्या प्रत्येक प्रयोगाच्या तारखेसमोर सूर्यास्त लिहा आणि संहितेत त्या मिनिटाला कुठला संवाद येतो ते समासात नोंदवा. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत चेहरे कामापुरते दिसतात. विषुववृत्ताजवळ हा अवधी वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, ५० अंश अक्षांशाच्या पुढे उन्हाळ्यात चाळीसहून अधिक. सहा आठवड्यांत सूर्यास्त बराच सरकू शकतो. अशा ठिकाणी प्रयोगाची वेळ हंगामाच्या मध्याला पाच-दहा मिनिटांनी बदलायला हरकत नाही, फक्त तिकिटावर ती आधीपासून छापा.

त्या संधिकाळात दिवे अगदी हळूहळू वाढवा. एकदम लावले की आभाळ क्षणात काळं दिसतं आणि शेवटचा निळा उजेड वाया जातो. जिथे मध्यंतरानंतर पूर्ण अंधार होतो तिथे नाटकाचा गडद भाग दुसऱ्या अंकात येणं किती सोयीचं, हे निवड करतानाच लक्षात घ्या. साधनं थोडी असली तरी चालतात: इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये रोवेना केड यांनी समुद्रकड्यावर उभारलेल्या मिनॅक नाट्यगृहाचा १९३२ मधला पहिला प्रयोग मोटारींच्या दिव्यांची मदत घेऊनच झाला होता.

किडे दिव्यांवर येणारच. टॉवर प्रेक्षकांपासून लांब ठेवा, पिवळसर दिवे वापरा, आणि प्रयोगाच्या आधी तासभर पांढरे दिवे जळत ठेवू नका. दिवे आणि जोडण्या निदान आयपी ६५ दर्जाच्या (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणाऱ्या) हव्यात, वायर जमिनीपासून उचललेल्या किंवा झाकलेल्या हव्यात, आणि विजेच्या प्रत्येक जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा बंद करणारा स्विच) हवा. पाऊस आला नाही तरी दव पडतंच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

## नेपथ्य

दोन्ही नाटकांना एकच सांगाडा: दोन पातळ्या, तीन प्रवेशमार्ग, मागे भक्कम भिंत. फरक वस्तूंनी आणि कापडाने करा, म्हणजे एका दुपारी बदल होतो.

कापडाबाबत सावध राहा. ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच फ्लॅटवर (चौकटीवर ताणलेल्या कापडी भिंतीवर) ताशी ३६ किलोमीटरचा वारा साधारण ७० किलो वजनाइतका रेटा देतो, आकारानुसार त्याहून जास्तही. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या पुढे. उघड्यावर फ्लॅट उभा करायचाच असेल तर जाळीचा किंवा फटी ठेवलेला करा, मागे तिरके टेकू आणि वजन द्या. टॉवर, छत, उंच चौकट या सगळ्यासाठी कोणत्या वेगाला काय खाली उतरवायचं हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या आणि सर्वांत उंच जागी वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावा. स्टेजचा पृष्ठभाग दवाने निसरडा होतो; रंगात वाळू मिसळून दोन हात द्या. पोशाख शिवताना आतला थर धुता येणारा, सुती आणि वेगळा ठेवा. भरजरी वजनदार अंगरखा दुसऱ्या अंकासाठी, हवा निवल्यावर.

## पाऊस, वीज, ऊन

प्रयोग थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, आणि ती दिग्दर्शक किंवा निर्माता नसावी. रंगमंच व्यवस्थापक योग्य. निर्मात्याला तिकिटं दिसतात, दिग्दर्शकाला रंगलेला प्रवेश दिसतो. व्यवस्थापकाला ओलं स्टेज दिसतं.

नियम आधीच लिहून काढा. हलकी भुरभुर असेल तर प्रयोग चालू, मात्र तलवारबाजी, नाच आणि धावपळ यांची ओल्या स्टेजसाठीची सावकाश आवृत्ती तालमीतच बसवलेली हवी. सरी वाढल्या तर थांबा, स्टेज पुसा, दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. विजेच्या बाबतीत तडजोड नाही. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे: सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाड्यांत हलवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत येऊ नका. झाडाखाली किंवा धातूच्या टॉवरजवळ कुणी थांबू नये. ही घोषणा कोण, कुठल्या शब्दांत करणार आणि लोक कुठल्या वाटेने जाणार, याची एक तालीम रंगीत तालमीइतकीच गांभीर्याने घ्या.

तिकिटाचं धोरणही त्यासोबत छापा. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या उघड्या नाट्यगृहात पावसाने प्रयोग बुडाला तर पैसे परत न देता दुसऱ्या प्रयोगाचं तिकीट देण्याची पद्धत आहे. छोट्या संस्थेसाठी हाच मार्ग परवडतो, पण खरेदीच्या वेळी तो ठळक दिसला पाहिजे.

उन्हाची धास्ती पावसाइतकी घेतली जात नाही, आणि घ्यायला हवी. दुपारच्या तालमीत दर अर्ध्या तासाला सावलीत थांबा, पाणी विंगेत प्रत्येक प्रवेशमार्गावर ठेवा. कुणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं किंवा तोल जाऊ लागला तर तालीम थांबवून त्याला थंड करा आणि वैद्यकीय मदत बोलवा. धूरही लक्षात घ्या: अमेरिकेतल्या ओरेगॉन शेक्सपिअर महोत्सवाला २०१८ च्या उन्हाळ्यात वणव्यांच्या धुरामुळे उघड्यावरचे अनेक प्रयोग रद्द करावे लागले किंवा आत हलवावे लागले. पर्यायी बंद सभागृह आधीच बोलून ठेवलेलं असेल तर असा आठवडा निभावतो.

## प्रेक्षक

जमिनीवर बसणारे पुढे, खुर्च्या मागे. चाकाच्या खुर्चीसाठी टणक सपाट वाट आणि दृष्टिरेषेतली जागा मधोमध राखा, कडेला नको. प्रसाधनगृहं आणि बाहेर पडण्याचा उजेड असलेला रस्ता यांवर खर्च वाचवू नका. अंधारात परतताना ठेचकाळलेला माणूस पुन्हा येत नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात जवळपास पाचवा-सहावा हिस्सा हवामानासाठी बाजूला ठेवा आणि कमाईचा हिशोब तीनचतुर्थांश प्रयोगच पूर्ण होतील असं धरून करा.

दोन्ही नाटकांचं जोडतिकीट काढा आणि ते स्वस्त ठेवा. अभिजात नाटकाला आलेला प्रेक्षक नव्याकडे वळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. एखादा प्रयोग मोफत ठेवता आला तर तो नव्या नाटकाचा ठेवा. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या डेलाकॉर्ट नाट्यगृहात १९६२ पासून मोफत प्रयोगांची परंपरा आहे, आणि तिथे रांगेत उभं राहणाऱ्यांत कधी नाट्यगृहाची पायरी न चढलेले लोकही असतात.

## हंगाम चालू असताना

रोज प्रयोगानंतर व्यवस्थापकाने एका पानाची नोंद करावी: वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, सूर्यास्ताला चाललेला संवाद, प्रयोगाची लांबी, कुठे ऐकू आलं नाही, कुठे हशा आला. शेवटच्या रांगेत रोज संचाबाहेरचं एक माणूस बसवा आणि त्याला न समजलेली वाक्यं लिहायला सांगा. ही यादी दुसऱ्या दिवशी नटांना द्या. नव्या नाटकाच्या लेखकालाही ती पाठवत राहा, त्याच्या पुढच्या आवृत्तीसाठी याहून उपयुक्त टिपण कुणी देणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संच सैलावतो. संवाद घाईने येतात, एन्ट्रीचं चालणं आखडतं. अशा वेळी सुट्टीच्या आदल्या दुपारी फक्त येण्याजाण्याची तालीम घ्या, संवाद न बोलता, पूर्ण अंतर चालून.

शेवटच्या प्रयोगानंतर जागा आठवड्याभरात मोकळी करा. खिळे आणि तारांचे तुकडे चुंबकाने वेचून घ्या, दबलेली माती भुसभुशीत करा, गवत पुन्हा पेरा, आणि जागेच्या मालकाला सोबत घेऊन पाहणी केल्यावरच अनामत परत मागा. नोंदवही मात्र संस्थेत सही करून जमा करा, कारण पुढच्या वर्षीच्या लेखकाला जागा दाखवायला नेताना तीच सोबत न्यायची आहे.